एका ताटात

केरबाचा लेक काश्मीरच्या लढाईत पडला आणि त्याच्या बायकोच्या, सुंद्राच्या नावानं दरमहा सरकारी मनीऑर्डर सुरू झाली. कालपर्यंत तिला पांढऱ्या पायाची म्हणणारी सासू आता तिला लेक म्हणायला लागली, रोज आपल्याच ताटात घेऊन जेवायला लागली. दारात म्हैस आली, कुडाच्या जागी पक्की भिंत आली.

पाचव्या वर्षी जयसिंगपूरहून सुंद्राचा भाऊ आला. "भनीचा पाट लावून देतो, तिचं दुसरं लगीन करतो," म्हणाला.

केरबानं दोन दिवस मागून घेतले आणि मनीऑर्डर घेऊन आलेल्या पोस्टमनला दारातच गाठलं.

"सुनंनं पाट लावला, तरी पैसं येत्यात न्हवं?"

"न्हाई. बंद हुत्यात."

"आनि समजा, ती मेलीच तर?"

"मग शिपायाच्या आईबापाला मिळत्यात की."

कधी हळू न बोलणारा केरबा गोठ्यात जाऊन बायकोशी हळू आवाजात बोलला. भावाला होकाराचा निरोप गेला.

दुपारी सुंद्रा हसऱ्या तोंडानं, सवयीनं सासूच्या ताटाशी येऊन बसली.



"लेकी," सासू म्हणाली, "आज तुझं ताट येगळं वाढलंय."