पोकळ वर्तुळ

मधल्या सुट्टीत गणिताच्या बाईंनी सातवीतल्या त्या घुम्या मुलीला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. चाचणीत पाच असमानता दिल्या होत्या, संख्यारेषेवर दाखवायला. हिने पाचही रेषांवर एकच काढलं होतं: बावन्नवर पोकळ वर्तुळ आणि बाण डावीकडे. क्ष बावन्नपेक्षा लहान.

"अगं, विचारलंय काय, लिहिलंस काय? झोपेत होतीस का?"

मुलगी हसली नाही. "तुम्हीच शिकवलंत ना, बाई? पोकळ म्हणजे अगदी जवळ जायचं, पण पोचायचं नाही. भरीव असेल तरच तो आकडा आपला."

शिकवलं होतं खरं. पण सोमवारी बाईंना बावन्न वर्षं पूर्ण होणार होती. आणि गेल्या चाचणीत हिने सगळीकडे अठ्ठावन्न लिहिलं होतं, तेव्हा बाई भोपळा देऊन मोकळ्या झाल्या होत्या. त्याच आठवड्यात शाळेचे शिपाईकाका वर्गाला कुलूप घालता घालता कोसळले, ते गेलेच. दुसऱ्या दिवशी त्यांना अठ्ठावन्न पूर्ण होणार होती.

बाईंचा गणितापलीकडे कशावर विश्वास नव्हता. तरी त्यांनी पेपर तिच्यापुढे सरकवला.

"भरीव कर ते," त्या म्हणाल्या. आवाज दटावणीचा काढायला गेल्या, निघाला विनवणीचा.

"करते. पण एकाचं भरलं की दुसऱ्या कुणाचं तरी पोकळ काढावं लागतं, बाई."

"काढ ना मग! तुला कुणी अडवलंय?"

मुलीने पाचही वर्तुळं पेन्सिलीने भरली, रेषेबाहेर जराही न जाता. बाईंना हायसं वाटलं. आपण किती खुळ्यासारखं घाबरलो, म्हणून हसूही आलं. तेवढ्यात मुलीने पान उलटलं, पट्टीने नवी रेषा ओढली आणि तेरावर पोकळ वर्तुळ काढलं.

"हे कुणाचं गं?"

"दुसऱ्याचं काढायला जीव होत नाही, बाई," मुलगी म्हणाली. "मला पुढच्या महिन्यात तेरा पूर्ण होतील."

बाहेर मुलांचा गलका चालला होता. लाल पेन बाईंच्या हातातच होतं. एवढंसं वर्तुळ, भरायला असा कितीसा वेळ लागणार!

बाईंनी पेपरावर पैकीच्या पैकी गुण लिहिले आणि पेनाला टोपण लावलं.