श्रुतिकाचा सत्कार

श्रुतिकाच्या सत्काराला श्रुतिकाच नव्हती. ती किर्गिझस्तानात, डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला. तिच्या वाटची शाल बापाच्या, भोजराजच्या खांद्यावर पडली, नारळ आईच्या, मंजूच्या ओंजळीत आला, आणि नेमका तेव्हाच भोजराजचा फोन खिशात वाजायला लागला.

त्याने खिशावर हात दाबला. बालाघाटच्या समाजभवनात त्या दिवशी तीनशे माणूस होतं. मंचामागे मोठा फ्लेक्स: गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली श्रुतिका आणि खाली 'डॉ.' लावून नाव. पोरीची अजून पहिली परीक्षासुद्धा झालेली नव्हती. स्टेथोस्कोप फोटो स्टुडिओवाल्याचा होता. पण एवढं कोण बघतं हो!

फोन पुन्हा वाजला. मंजूने नवऱ्याकडे पाहिलं. कोणाचा फोन आहे आणि कशासाठी, ते दोघांनाही ठाऊक होतं. सकाळी सहालाच पोरीने एकदा फोन केला होता. अकरा दिवसांपासून ती खोलीबाहेर पडली नव्हती. झोप नाही, जेवण नाही. "आई, मले खिडकीपाशी जायाची भीती वाटते. सातवा मजला आहे." ते ऐकून मंजू रडायला लागली, तेव्हा भोजराजने फोन आपल्याकडे घेतला. "आजचा दिवस कळ काढ, बेटा. कार्यक्रम एक वाजता सुटते. मंग तिकिटाचं पाहू. पक्का." पोरीने फक्त विचारलं होतं, "एक वाजता ना, बाबा? नक्की?"

आता एक वाजून पाच मिनिटं झाली होती, आणि कार्यक्रम सुटायचं तर सोडाच, नुकता कुठे सुरू झाला होता. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. आपल्याकडे येतातच. पोरगी मात्र तिकडे घड्याळाकडे डोळे लावून बसलेली.

"कोणाचा फोन आहे जी, भोजराजभाऊ?" समाजाचे अध्यक्ष पुनारामजी माईकवरूनच बोलले.

"काही नाही, पोरीचा..." भोजराजच्या तोंडून निसटलं.

"अरे वा! मंग उचला ना! स्पीकर पे लगाओ, माईकपाशी धरा. इथं पन्नास लेकरं बसले आहेत, त्यायले प्रेरणा भेटन!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाही म्हणायची सोय राहिली नाही. म्हणजे, म्हणता आलं असतं. माणसाला जीभ दिलेली असते. पण दोन वर्षांपूर्वी समाजातल्याच चैतरामचा पोरगा तिकडून शिक्षण सोडून तीन महिन्यांत परत आला होता, तेव्हा याच लोकांनी त्याला 'रिटर्न तिकीट' म्हणायला सुरुवात केली. अजूनही बाजारात त्याला तशीच हाक मारतात. ते नाव भोजराजनेच काढलं होतं, याच भवनात, चहा पिता पिता.

त्याने फोन उचलला. तोंड वळवून हळूच म्हणाला, "बेटा, मंचावर आहो. सगळे ऐकून राह्यले. मजेत आहो म्हण. दोनच शब्द. मंग आपण बोलू." आणि फोन माईकला लावला.

"बोल बेटा!" पुनारामजी ओरडले. "मी पुनारामकाका. झाली का सेटल? मन लागलं का नाही तिकडं?"

पुढच्या रांगेतल्या पोरींनी माना उंच केल्या.

"बेटा?"

"नमस्कार, काकाजी." आवाज फार बारीक होता. "एक वाजला ना तिथं?"

लोक हसले. पुनारामजीही हसले. "वाजला, वाजला! टाइमची पक्की आहे पोरगी. डॉक्टरच शोभते!"

"मंग माह्या बाबाले सांगा ना, काकाजी. ते एक वाजता म्हणे... माह्याच्यानं नाही होत इथं. मले घरी..."

टाळी वाजली. मांडीवरचा नारळ खाली गडगडला, तरी मंजू टाळ्या वाजवतच होती. चेहऱ्यावर हसू, हात डोक्याच्याही वर. मंचावरची आई टाळ्या वाजवते म्हटल्यावर खालच्यांनीही वाजवल्या. पोरी तर उभ्याच राहिल्या. फोनमधून श्रुतिका काहीतरी सांगत होती, ते त्या गजरात कोणालाच कळलं नाही.

"घरची आठवण तर येणारच!" पुनारामजींचे डोळे खरोखर भरून आले. "लेकरू भावुक झालं. पण हिंमत पाहा तिची! शिका पोरीहो, शिका!"

भोजराज फोन बंद करायला बघत होता. अंगठा नको तिथेच पडत होता. त्याने मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. ती समोर लोकांकडे बघत होती.

टाळ्या हळूहळू थांबल्या. लोक खुर्च्या सरकवून पुन्हा बसले. सभागृह शांत झालं, आणि माईकमधून पोरीचा श्वास सगळ्यांना ऐकू यायला लागला.

"बाबा?" ती म्हणाली. "आई, तू आहे ना तिथं?"

मंजूने पुन्हा टाळ्या वाजवायला सुरुवात केली.