अर्ध्या विणकामांची भिंत

सुई जावयाच्या तळहातातून आरपार गेली. आठ नंबरची, स्टीलची, शेजारच्या स्टॉलवरून उचललेली. तो गुरासारखा ओरडला. टेबलावरच्या लोकरीच्या पांढऱ्या गुंड्यांवर रक्त उडालं, आणि विणकाम प्रदर्शनाच्या हॉलमधल्या बायका स्टॉल सोडून धावल्या.

त्याच्या सासूने, बाईंनी, सुई उपटली आणि पुन्हा हात उगारला. आता रोख गळ्याकडे होता. जावयाने दुसऱ्या हाताची मूठ त्यांच्या तोंडावर हाणली. चष्मा फुटला, ओठ फाटला, तरी बाई थांबेनात. "म्हातारीला वेड लागलंय! धरा तिला!" तो किंचाळला. चार-पाच जणींनी मिळून बाईंना फरशीवर पालथं पाडलं. बंदोबस्तावरची महिला पोलीस धावत आली, तिने पाठीत गुडघा रोवला, चेहरा पाहिला आणि दचकली.

"बाई? तुम्ही?"

दचकणारच. बाईंनी तीस वर्षं शाळेत विणकाम शिकवलं होतं. हॉलमधल्या निम्म्या बायकांनी त्यांच्या सुईचे फटके बोटांवर खाल्ले होते, या पोलिसीणबाईनेही. टाका सुटला म्हणून फटका नसायचा. टाका कुणाचाही सुटतो. फटका बसायचा तो ओळ अर्धी टाकून उठल्याबद्दल. "दूध उतू गेलं तरी जाऊ दे, पण ओळ संपवूनच उठायचं. मधेच सुया ठेवल्या की टाके घसरतात." पोटच्या पोरीला तर त्यांनी, खोटं कशाला बोला, जरा जास्तच झोडपलं होतं. पोरगी असली तयार झाली की लग्नाच्या दिवशी दारात गाडी हॉर्न वाजवत होती आणि ही मांडीवर लोकर घेऊन म्हणत होती, "आले, आले, एवढी ओळ." सगळे पोट धरून हसले होते. जावई तेवढा हसला नव्हता.

ती जाऊन आठ महिने झाले. पडदा लावताना स्टुलावरून पडली, खिडकीची कड डोक्यात लागली, तेव्हा आपण दुकानात होतो, असं जावयाने सांगितलं. बाईंनी विश्वास ठेवला. त्याच्या पाठीवरून हात फिरवला, स्वतःचं रडू गिळून त्याला जेवू घातलं.

आज त्यानेच त्यांना इथे आणलं होतं. प्रदर्शनात एक भिंत खास होती. जगातून गेलेल्या विणणाऱ्यांची अपुरी कामं तिच्यावर सुयांसकट लावली होती. जावयाने माईक हातात घेऊन डोळे पुसले. "मी काही म्हणजे काही हलवलं नाही. सुया खुर्चीवर ठेवून ती पडदा लावायला उठली. होतं तसंच आणलंय." बायकांनी रुमाल काढले. बाई पोरीच्या हातचं ते निळं विणकाम जवळून बघायला पुढे झाल्या. वळल्या तेव्हा त्यांच्या हातात सुई होती.

"का केलंत हो बाई असं?" पोलिसीणबाई रडकुंडीला आली होती.

बाईंनी तोंडातलं रक्त थुंकलं. "भिंतीवरचं ते निळं बघ. टाके मोज."

"आत्ता?"

"मोज म्हणते ना!"

तो वर्गातला आवाज होता. पोलिसीणबाई मुकाट्याने उठली आणि भिंतीपाशी गेली. एका सुईवर एकोणीस टाके होते, दुसरीवर तेवीस. धागा मधोमध लोंबत होता. ओळ अर्धीच होती. तिने पुन्हा मोजले. मागे उभ्या बायकाही ओठ हलवत मोजू लागल्या. मग बाईंच्या खांद्यावरचा एक हात सुटला. पाठोपाठ दुसरा. कुणीतरी त्यांना धरून बसतं केलं आणि ओठावर पदर लावला.

"मोजताय काय?" हाताला रुमाल गुंडाळत जावई खेकसला. "बेड्या घाला तिला! मी दवाखान्यात चाललो." तो दाराकडे निघाला. बायका वाटेतून हलल्या नाहीत. त्याने एकीला ढकललं. तिच्या जागी दोघी आल्या.

पोलिसीणबाई बोटांची पेरं चोळत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"पडदा लावायला ती खुर्चीवरून उठली म्हणालात?"

"हो! शंभरदा सांगितलंय!"

तिने कमरेच्या बेड्या काढल्या.

"ती उठलीच नव्हती."