नकाशातला मांडव

पितांबरअप्पांच्या घराला रस्ताच नाही, हे ग्रामसेवक हेमकांतने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवलं. अप्पा त्याच रस्त्याने चालत आले होते.

गावाच्या मोजणीचा ड्रोन फिरला तो नेमका अप्पांच्या लेकीच्या, स्वप्नालीच्या लग्नाच्या दिवशी. गल्लीभर मांडव होता. नकाशाने त्याला पक्कं छप्पर धरलं आणि गल्ली बुजली ती बुजलीच. ड्रोनवाल्यांना त्या दिवशी अप्पांनीच आग्रहाने पंगतीला बसवलं होतं. आता त्याच लेकीला पहिल्या बाळंतपणाला आणायचं, तिच्यासाठी मागच्या अंगाला खोली बांधायची, तर परवानगी मिळेना. रस्ता नसलेल्या घराला खोली कशाला?

अप्पांनी लग्नाचा अल्बम पुढे केला. हेमकांतने पंगतीत स्वतःला शोधलं, बरा आलाय म्हणाला आणि अल्बम मिटला. नकाशातलं छप्पर म्हणजे अतिक्रमण, आणि अतिक्रमण हटवायचं तर दोन फोटो लागतात, हटवण्याआधीचा आणि नंतरचा. दोन्ही ताजे, जागेवर उभं राहून मोबाइलवर काढलेले.

“आरे भाऊ, मांडव लगीनना दुसरा दिनलेच सोडा. जे शेच नही, तेना फोटू कथाईन काढू?”

“उभा करा ना अप्पा. मग काढून टाका.”

हेमकांत हे इतक्या मायेने बोलला, की अप्पांना त्याचे आभार मानावे लागले.

शहाद्याहून मांडववाला आला. त्याने जुन्याच खड्ड्यांत बांबू रोवले आणि सवयीने झालरही लावली. शेजारची भिकुबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली.

“कोनं लगीन शे वं?”

“नकाशानं,” अप्पांची बायको सिंधुबाई म्हणाली.

आधीचा फोटो संगणकावर लगेच चढला. नंतरचा मात्र तालुक्याच्या साहेबांच्या पाहणीनंतर. तोवर मांडवाला कुणी हात लावायचा नाही, असं हेमकांतने बजावलं. साहेबांकडे आणखी एका तालुक्याचा कारभार होता. अप्पा मांडवाखाली खुर्ची टाकून वाट बघू लागले. झालर विटली. सिंधुबाईने बांबूंना दोरी बांधून धुणं वाळत घातलं.

एका दुपारी गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. बांबूंमुळे आत येईना. स्वप्नाली पोट सावरत तिथेच उतरली आणि वर बघत राहिली.

“बाबा, मन्हा मांडव आजून सोडा नही का?”

अप्पांनी उठून तिला आपली खुर्ची दिली.