जड पिठाची भाकरी

वर्षभर केतकीने नवऱ्याला, श्रीरंगला, नेहमीपेक्षा जड नायट्रोजन असलेल्या पिठाची भाकरी खाऊ घातली होती, म्हणजे त्याचा डीएनए जड होईल. खाणकामासाठी त्याची प्रत काढल्यावर जुना श्रीरंग डीएनएच्या वजनावरून ओळखू येईल, तो घरी परतेल आणि नवा मंगळावरच्या खाणीत जाईल, असं तिने धरलं होतं.

आज प्रयोगशाळेत काचेपलीकडे दोघे श्रीरंग बसले होते. तिला पाहून दोघांनीही चष्मा पुसला.

"दोघांच्या डीएनएचं वजन सारखंच भरलं," तंत्रज्ञ ठकारबाई म्हणाल्या.

"मग जुना कुठला?"

"प्रत काढताना डीएनएच्या दोन धाग्यांची जोडी उसवते, ताई. एकेक जुना धागा दोघांकडे गेला, त्याला नवा जोडीदार मिळाला. अख्खा जुना आता कोणीच नाही. कोणाला पाठवू?"

केतकीने दाराजवळच्याकडे बोट दाखवलं. तो उठला.

संध्याकाळी ती उरलेल्या पिठाच्या भाकऱ्या करत होती.

"त्यालाच का पाठवलंस?" घरी आलेल्या श्रीरंगने विचारलं.

"दाराजवळ होता."

श्रीरंगने भाकरी मोडली. "आधी तिथे मी बसलो होतो. मला एसीचा वारा लागत होता, म्हणून त्याने जागा बदलून दिली."

केतकीने पुढची भाकरी थापायला घेतली.