कुक्कुटपालनाच्या फळीवरची कादंबरी

कुक्कुटपालनाच्या फळीवर कादंबरी सापडली, तेव्हा लेक स्टुलावरच बसली. चुकीच्या जागी निघालेलं हे चाळीसावं पुस्तक. कविता दंतवैद्यकात, एका सैनिकाची पत्रं विणकामाच्या नमुन्यांत. आईनं तीस वर्षं हे वाचनालय चोख सांभाळलं होतं. मग शेवटी तिला झालं तरी काय होतं? फोनवर तर नीट बोलायची.

आईला जाऊन तीन आठवडे झाले होते. आज चार वाजता सेन्सॉरचा तपासनीस येणार होता. आईचा हा घोळ परक्याच्या नजरेला पडू नये, म्हणून लेकीनं चार दिवस खपून एकेक पुस्तक कार्डावरच्या क्रमांकाप्रमाणे लावलं. कादंबरीही जागेवर गेली.

शिवणकाम करणाऱ्या काकू आल्या, त्या थेट कुक्कुटपालनाशी. तिथं थबकल्या.

"इथलं पुस्तक कुठं गेलं गं?"

"जागेवर लावलं. चाळीसच्या चाळीस लावली. आईला शेवटी भान राहिलं नव्हतं वाटतं."

काकूंनी फळीवरच्या रिकाम्या जागेत हात घालून पाहिला. "अगं बये, तो घोळ घालायला आम्हाला दोन महिने लागले."

लेकीला काही उमजेना. काकूंनी सांगितलं ते असं. युद्ध सुरू झालं आणि चाळीस पुस्तकांवर बंदी आली. घरी न्यावीत तर झडत्या. कार्डं जाळावीत तर तुरुंग. म्हणून कार्डं राहिली, पुस्तकं हलली. चाळीस बायकांनी एकेक लपवलं. कुणाची जागा कुणाला ठाऊक नाही. अकरा हजार पुस्तकांत तपासनीस कार्डाच्या जोरावर शोधणार, आणि कार्डावरच्या जागी ते पुस्तक नसणार.

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"तुला खोटं बोलता येत नाही, म्हणायच्या."

दोन वाजले होते. काकू चप्पल न घालताच गल्लीत धावल्या. लेकीनं चाळीसही पुस्तकं परत टेबलावर काढली. नर्स आली, टपालातली आली, मास्तरीणबाई वर्ग सोडून आल्या. "तिकडं तोंड कर," प्रत्येकीनं लेकीला सांगितलं. ती भिंतीकडं बघत उभी राहिली. मागं फळ्या करकरत होत्या.

शेवटी टेबलावर एकच उरलं. आईच्या वाट्याचं. ते कुठून काढलं होतं, हे लेकीला काही केल्या आठवेना. तिनं ते उचललं.

"काकू, तुम्ही तिकडं बघा," ती म्हणाली.

चार वाजता तपासनिसानं बंदीच्या पुस्तकांची बारा कार्डं काढली. बाराही ठिकाणी फळीवर भलतंच काहीतरी. त्यानं यादी टेबलावर आपटली.

"हे कुणी लावलंय?"

"मी."

"तुमच्या आईचं काम चोख होतं, असं ऐकलं होतं."

"होतं ना," लेक म्हणाली. "पण मी आईवर गेले नाही."