जिन्याच्या मधोमध

जिन्यावरून वर-खाली सरकणाऱ्या नव्या खुर्चीला वहिनीने लाल फीत बांधली होती, आणि ती कापायला आता कात्री सापडत नव्हती.

नातेवाईक हॉलभर पसरले होते. सोफ्यावर जागा उरली नाही म्हणून आत्या वडिलांच्या व्हीलचेअरमध्ये बसली. त्यांना उचलून जिन्याच्या खुर्चीत ठेवलं होतं, त्यामुळे व्हीलचेअर रिकामीच होती. "चांगली ऐसपैस आहे गं," म्हणत आत्याने चाकं जरा मागेपुढे करून पाहिली.

दादा जिन्याशी उभा राहून माहिती देत होता. समोर चार माणसं असली की त्याला विषय कोणताही चाले. "कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. बटण दाबून धरलं की खुर्ची वर. सोडलं की जागच्या जागी थांबणार. लहान मूलसुद्धा चालवेल."

"लहान मुलाचा अंगठा धड असतो," स्वयंपाकघराच्या दारातून वडिलांची मुलगी, दादाची बहीण, म्हणाली.

"तू आजच्या दिवस तरी सुरू होऊ नकोस."

बाबांच्या अंगठ्यातला जोर गेलाय, हे तिने त्याला फोनवर सांगितलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, मी आलो होतो तेव्हा टीव्हीचा रिमोट छान दाबत होते की. आपण निघून गेलो की आपल्या मागे आजारही हातावर हात ठेवून बसून राहतो, अशी दादाची समजूत होती.

मुळात तिने यंत्र मागितलंच नव्हतं. तिने एक भिंत पाडायला सांगितली होती. जिन्याखालच्या संडासात व्हीलचेअर शिरत नव्हती. भिंत काढून हॉलचा कोपरा आत घेतला असता, तर वडिलांना खालीच न्हाणीघर झालं असतं आणि शेजारी पलंगही मावला असता. सध्या ते हॉलमधल्या दिवाणावर झोपत होते, आणि त्यांचं अंग ती स्वयंपाकघरात, पडद्याआड, ओल्या फडक्याने पुसत होती.

"हॉलमध्ये आजारी माणूस कायमचा झोपवायचा?" दादाने विचारलं होतं. "आल्यागेल्याने काय बघायचं?"

वरची खोली हवेशीर होती, न्हाणीघराला लागून होती आणि कुणाच्या नजरेला पडत नव्हती. वडील एकदा वर गेले की आपण होऊन खाली येणार नव्हते. हॉल पुन्हा हॉल होणार होता. हे कुणी बोललं नाही. सगळे हवेशीरपणाबद्दलच बोलले.

फीत शेवटी भाजीच्या सुरीने कापली. वडिलांनी बटणावर अंगठा ठेवला आणि त्यावर दुसरा तळहात दाबला. खुर्ची गुरगुरत निघाली. टाळ्या पडल्या. काकांनी मोबाइल उंच धरला. खुर्ची जिन्याच्या मधोमध पोचली, आणि वडिलांचा अंगठा घसरला.

"दाबा, बाबा," दादा खालून म्हणाला.

वडिलांनी दाबलं. खुर्चीने वीतभर उचल खाल्ली आणि पुन्हा थांबली.

"जोर लावा, जोर," काका मोबाइलमागून म्हणाले.

"अरे, मनाचा निश्चय पाहिजे," आत्या म्हणाली. तिच्या मते माणसाला आजार होतात ते निश्चय कमी पडल्यामुळे. तिला स्वतःला गुडघेदुखी होती, पण ती हवेमुळे.

वडिलांनी आणखी एकदा प्रयत्न केला. मग हात उचलून मांडीवर ठेवले, दुकान बंद केल्यासारखे.

दादा दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. "आणा, मी दाबतो."

"हात लावायचा नाही."

वडिलांचा आवाज बारीक झाला होता, पण सूर जुनाच होता. दादाचा हात हवेत राहिला.

"बाबा, सगळे बघतायत."

"बघू देत की. त्यासाठीच जमवलेस ना?"

दादाने खाली पाहिलं, कुणी ऐकलं का ते. सगळ्यांनी ऐकलं होतं.

"जेवून घ्या," वडील सगळ्यांना म्हणाले. "गार होईल."

निदान एखादा तरी म्हणेल, तुम्ही असे अडकलेले असताना आम्हाला घास कसा जाईल. मुलीला तेवढी आशा होती. मग वहिनीने भांड्यावरचं झाकण काढलं, आणि माणसं उठली. घास सगळ्यांना व्यवस्थित गेला. काकांनी तर दुसऱ्यांदा वाढून घेतलं. दादा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून फोनवर कुणाला तरी झापत होता की तुमचं यंत्र अडकलंय. जेवण आटपेपर्यंत जिन्याकडे पाठ करून कसं बसायचं, हे कुणाला शिकवावं लागलं नाही.

मुलगी वर गेली आणि वडिलांच्या पायांशी पायरीवर बसली. खुर्चीच्या हातावर दोन बटणं होती, एक वर जाण्याचं, एक खाली येण्याचं. तिने बटणांजवळ आपला अंगठा नेला.

"वर नेऊ? की खाली?"

वडिलांचं लक्ष नव्हतं. ते कठड्यावरून खाली बघत होते. इथून अख्खा हॉल दिसत होता. काकांनी एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत ओढून बसवलेले केस, वहिनीच्या भांगातली रंग लावायची राहून गेलेली पांढरी रेघ, ताटांवर वाकलेल्या माना.

"व्हीलचेअरमध्ये बसल्यापासून मला या लोकांची पोटंच दिसायची," वडील म्हणाले. "डोकी आज दिसली."

तिचा अंगठा अजून दोन बटणांच्या मधोमध होता.

"पोटं बरी होती. खाली घे मला."